बंद हॉटेलातली झाडं

सुमय्या मुलाणीचा धंदा नेमका काय, हे लोकांना समजावून सांगायला थोडा वेळ लागे. नर्सरी म्हणावी तर नर्सरी नव्हती, माळीकाम म्हणावं तर तेही नव्हतं. हॉटेलं, ऑफिसं, बंगले यांच्या आत, जिथे ऊन धड पोचत नाही अशा जागी ती झाडं ठेवायची आणि जगवायची. झाडं तिचीच. आठवड्यातून एकदा जाऊन पानं पुसायची, पाणी बघायचं, एखादी कुंडी मरगळली असेल तर ती उचलून आणायची आणि तिच्या जागी ताजी ठेवायची. उचलून आणलेली झाडं कान्हे स्टेशनजवळच्या तिच्या शेडमध्ये हिरव्या जाळीखाली राहत आणि पुन्हा तरारली की दुसऱ्या कुठल्या तरी लॉबीत जात. शेडवर आलेल्या झाडांना ती ‘माहेरपणाला आलीत’ म्हणे.

लग्नाआधी ती तळेगावला फुलांच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला होती. तिचा नवरा इर्शाद कामशेतच्या बाजारातून टेम्पोने भाजी वाहायचा. एकदा त्याच्यासोबत भाजी पोचवायला गेली असताना लोणावळ्याच्या एका बंगल्यात तिने चार कुंड्या मांडून दिल्या. बंगलेवाल्याने शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्याने आणखी कुणाला, आणि बघता बघता टेम्पोतून भाजी कमी आणि कुंड्याच जास्त जाऊ लागल्या.

तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूचं एक हॉटेल. तीन मजल्यांचं, मधोमध काचेच्या छताचा चौक. त्या चौकात सुमय्याने अरेका पाम, रबराची झाडं, सुपाएवढ्या पानांचे मॉन्स्टेरा असं जवळजवळ रानच उभं केलं होतं, आणि जिन्याच्या कडेने तलवारीसारख्या उभ्या पानांच्या स्नेक प्लांटची रांग लावली होती. येणारे पाहुणे सामान खोलीत टाकायच्या आधी तिथे फोटो काढत. आपल्या हातून झालेलं चांगलं काम कुठलं असं कुणी विचारलं असतं, तर तिने तो चौक दाखवला असता.

या हॉटेलच्या मागच्या दारावर विठ्ठल ओव्हाळ वॉचमन होते. भाजे गावचे, साठीला टेकलेले, अंगाने बारीक. मळवलीहून लोकलने एक स्टेशन यायचे आणि ड्युटी संपली की तसेच परत जायचे. सुमय्याचा टेम्पो आला की ते कुंड्या उतरवायला आपणहून हात लावत. ते काही त्यांचं काम नव्हतं. ती त्यांना विठ्ठलभाऊ म्हणे, ते तिला ताई. ईद झाली की ती शिरखुर्म्याचा डबा त्यांच्यासाठी ठेवायची, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीनंतर ते तिला कागदात बांधून बुंदीचे लाडू आणून द्यायचे. घरी जाणंयेणं कधी झालं नाही, पण नुसत्या तोंडओळखीपेक्षा ही ओळख जास्त होती.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा हॉटेलही एका दिवसात रिकामं झालं. सुमय्याला कान्ह्याहून लोणावळ्याला जायला पास मिळेना. अत्यावश्यक सेवेत झाडं कुठे बसणार? तिने विठ्ठलभाऊंना फोन केला.

“भाऊ, तुम्ही तिथे असाल ना? तेवढं माझ्या झाडांना पाणी घालाल? मी सांगेपर्यंत.”

“घालतो की ताई. त्यात काय.”

किती घालायचं, हे त्यांनी विचारलं. खरं तर प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी. पामला हात सैल सोडावा लागतो, स्नेक प्लांटला महिन्यातून एकदा पाणी मिळालं तरी पुरतं. हे सगळं फोनवर सांगत बसायला तिला सवड नव्हती. शेडवरच्या बायकांना घरी पाठवायचं होतं, इर्शादचा टेम्पो नाक्यावर अडकला होता. माती कोरडी लागली की घाला, एवढंच ती म्हणाली. आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न, असं तिला वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

पुढे ते लांबतच गेलं. एकेका गिऱ्हाइकाचा फोन येऊ लागला, आता झाडं नकोत म्हणून. शेडमध्ये कुंड्यांना जागा उरली नाही. सुमय्याने टोमॅटो, मिरची, वांग्यांची रोपं करून आसपासच्या गावांत विकायला सुरुवात केली. घरी सासरे आजारी होते. मे महिन्यात हॉटेलकडून ईमेल आली की तुमची व्यवस्था आजपासून बंद करत आहोत, परवानगी मिळेल तेव्हा आपली झाडं घेऊन जावीत. तिने ती दोनदा वाचली आणि इर्शादला म्हणाली, “गेली ती झाडं.” इर्शाद म्हणाला, जाऊ दे, माणसं राहिली म्हणजे झालं. त्या दिवसापासून तिने मनातल्या मनात त्या चौकावर पाणी सोडलं.

विठ्ठलभाऊंना कळवायला हवं, हे तिच्या ध्यानात होतं. उद्या करू, असं म्हणून तो फोन राहिला.

मधल्या काळात त्यांचेच दोन फोन येऊन गेले. एकदा इफ्तारची वेळ होती, तिने नाव पाहिलं आणि फोन उलटा ठेवला. दुसऱ्यांदा ती मोकळीच बसली होती. पण त्या दिवसांत ज्याचा त्याचा फोन मदतीसाठी येत होता. कुणाला किराणा हवा होता, कुणाला औषधं. विठ्ठलभाऊही तेच मागणार, आणि आपल्याला नाही म्हणावं लागणार, असं ती धरून चालली. नाही म्हणण्यापेक्षा न उचललेलं बरं. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा आला नाही.

जूनच्या सुरुवातीला निसर्ग वादळ आलं. शेडची हिरवी जाळी फाटून रेल्वेच्या तारांपर्यंत उडाली, लोखंडी पाइप वाकले, रोपांचे ट्रे चिखलात उपडे झाले. वादळानंतर दोन-तीन दिवसांनी, ती आणि इर्शाद त्या चिखलातून हाताला लागेल ते वेचत असताना, हॉटेलचे मॅनेजर राजेंद्र कुलथे यांचा फोन आला. ते एरवी पुण्यात असत आणि वादळाने काय नुकसान झालं ते पाहायला हॉटेलवर आले होते. बोलणं नेहमीसारखं गोड नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांमधले भारी नळ जागेवर नव्हते. कॅमेऱ्यात मागचा वॉचमन विठ्ठल ओव्हाळ वरचेवर आत शिरताना दिसत होता. एप्रिलमध्येच वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीने त्याला घरी बसवलं होतं, तरी लाँड्रीच्या दाराची चावी त्याच्याकडे राहिली होती आणि तो येतच होता. विचारलं तर झाडांचं नाव सांगतो. तुम्ही त्याला यायला सांगितलं होतं का?

सुमय्याच्या हातात मोडक्या ट्रेचा तुकडा होता. विठ्ठलभाऊंची ड्युटी कधीच बंद झाली आणि तरीही ते जात राहिले, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. पण ते मनात मुरायच्या आत दुसरेच विचार पुढे आले. बंदी असताना बंद इमारतीत माणूस पाठवला म्हणून आपल्यावर तर येणार नाही? या मालकाची खंडाळ्यालाही दोन हॉटेलं होती, आणि सगळं सुरळीत झालं की तिथलं काम मिळायची आशा होती. एकदा का कुलथेंच्या मनातून उतरलो की संपलं. ती जपून बोलली.

“मार्चमध्ये मी त्यांना पाणी घालायला सांगितलं होतं, सर, ते खरं आहे. पण मे महिन्यात तुमची मेल आल्यावर ती झाडं मी सोडूनच दिली होती. त्यानंतर ते कशासाठी येत होते, ते मला सांगता येणार नाही.”

कुलथे म्हणाले, ठीक आहे, एवढंच हवं होतं. फोन बंद झाला.

कोण होतं, असं इर्शादने विचारलं. हॉटेलवाले, झाडांचं विचारत होते, असं सांगून ती पुन्हा चिखलात वाकली. आपण एक शब्दही खोटा बोललो नाही, हे ती त्या दिवशी स्वतःला बरेचदा सांगत राहिली.

हॉटेलं उघडली ती ऑक्टोबरात. आपल्या कुंड्या तरी परत आणाव्यात म्हणून ती आणि इर्शाद टेम्पो घेऊन लोणावळ्याला गेले. मागच्या दारावर कुणी नवा तरुण पहारेकरी होता. चौकात पाऊल टाकलं आणि ती थबकली. पाम जिवंत होते. रबराच्या झाडांनी नवी पानं टाकली होती. मॉन्स्टेराची तर वाढ होऊन पानं कठड्याबाहेर आली होती. जूनपासून त्यांना कुणी पाणी घातलं नव्हतं, पण वादळात फुटलेल्या काचेतून पावसाचं पाणी येत राहिलं आणि ती निभावून गेली. जिन्याकडची स्नेक प्लांटची रांग मात्र पार सडली होती. पानं मुळापाशी मऊ पडून एकमेकांवर कोसळली होती आणि त्यांना घाण वास येत होता. ती काचेपासून लांब होती, तिथे पावसाचा थेंब पोचला नव्हता. हे काम माणसाच्या हातच्या पाण्याचं होतं.

“एवढं पाणी कुणी घातलं यांना?” ती जरा चिडूनच म्हणाली.

खोल्यांची साफसफाई बघणारी अनिता तिथे उभी होती. ती सुमय्याच्या चांगल्या ओळखीची. तिनेच मग सगळं सांगितलं. विठ्ठलभाऊ भाज्याहून एक-दोन दिवसांआड चालत यायचे. लोकल बंद, नाक्यावर पोलीस, म्हणून रुळांच्या कडेकडेने. लाँड्रीतल्या नळावर बादली भरून जिना चढायचे. कुलथेसाहेबांनी कॅमेऱ्यातलं सगळं बसून पाहिलं होतं, ते अनितानेही पाहिलं. बादली घेऊन येणारा आणि बादली घेऊन जाणारा माणूस, त्यात दुसरं काहीच नव्हतं. पण कॅमेरा वरच्या मजल्यावर नव्हता. पोलिसांत दिलं नाही, ही मेहेरबानी समज, असं सांगून त्यांना काढलं. एजन्सीने नाव कापलं आणि लोणावळ्यात जिथे जिथे एजन्सीची माणसं होती तिथे हे पोचलं.

“आणि नळ?” सुमय्याने विचारलं.

“नळ स्टोअरमध्येच निघाले, ताई,” अनिता म्हणाली. “फेब्रुवारीत वरच्या खोल्यांचं काम काढलं होतं ना, तेव्हाच प्लंबरने काढून गोणीत बांधून ठेवले होते. गेल्या महिन्यात सापडले.”

मग विठ्ठलभाऊंना कुणी कळवलं का, असं तिने विचारलं. अनिता खाली बघत म्हणाली की साहेबांची बदली झाली, आणि नवीन साहेबांना त्यातलं काही माहीत नाही.

कुंड्या टेम्पोत चढवून झाल्या, तरी सुमय्या पुढच्या सीटवर बसेना. शेवटी तिने इर्शादला सगळं सांगितलं. न उचललेले फोन, कुलथेंना काय बोलली ते, सगळं. त्याने टेम्पोचं मागचं फळकूट लावलं. मग म्हणाला, “भाज्याला चल.”

मळवलीचं फाटक ओलांडून ते भाज्यात पोचले तेव्हा खाचरांत भातकापणी चालली होती. लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर टपऱ्या पुन्हा मांडल्या जात होत्या. ओव्हाळांचं घर बौद्धवस्तीत, विहाराच्या मागे. अंगणात एक बाई शेंगा निवडत बसली होती. त्या शकुबाई, विठ्ठलभाऊंच्या पत्नी. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्या लोकांना त्या उकडलेल्या शेंगा विकत. अनोळखी माणसं दारात आली म्हणून त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, बसायला पोतं झटकून दिलं, आणि मग कोण, कुठले, हे विचारलं. इर्शाद टेम्पोपाशीच थांबला होता. सुमय्याने नाव सांगितलं.

शकुबाईंचे हात शेंगांवर थांबले.

“झाडवाल्या ताई व्हय तुमी?”

“हो, मावशी.”

“ते तुमचं नाव कदी वंगाळ घेत न्हाईत,” शकुबाई म्हणाल्या. “मी घेते. आपलं सांगून ठेवते.”

त्यांचा आवाज चढला नाही. शेंगा निवडता निवडता त्या सांगत गेल्या. घरी बसवल्यावर मी म्हनलं आता कशाला जाता, तर म्हनायचे ताईनं अजून सांगितलं न्हाई. दोनदा फोन केला. लागला न्हाई म्हनाले. एप्रिलच्या उन्हात जायचे, डोक्याला टॉवेल गुंडाळून. वादळानंतर तिसऱ्या दिवशी तर वाटेत झाडं आडवी पडलेली, तरी गेले. त्याच दिवशी साहेबांनी धरलं. पुढचं सांगताना त्यांनी एक शेंग उगाच फोडून टाकली. पोराच्या सासरकडच्यांनीही विचारलं म्हणे, काय घेतलंत हॉटेलातून.

सुमय्या मान खाली घालून ऐकत होती.

थोड्या वेळाने विठ्ठलभाऊ आले. ते दुसऱ्याच्या खाचरात कापणीला गेले होते, हातात विळा होता, धोतराला भाताची कुसळं लागली होती. तिला बघून ते हसले, नेहमी मागच्या दारावर हसत तसे. इर्शादलाही हाक मारून त्यांनी आत बोलावलं. चहा ठेवायला सांगितलं. शकुबाई उठून आत गेल्या. चहा आला, पण त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

“झाडं हायेत का ताई?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“आहेत. पाम चांगले आहेत. रबरही.”

“आन जिन्याकडची? ती तलवारीवानी? ती पिवळी पडाय लागलीती. मी लय पानी घातलं त्यास्नी, तरी मान टाकायची.”

इर्शादने तिच्याकडे पाहिलं. सुमय्या म्हणाली, “तीही ठीक आहेत, भाऊ.”

“मग झालं,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखरच मोकळा झाला.

तिला वाटलं होतं, येऊन माफी मागितली की छातीवरचं ओझं थोडं उतरेल. तिने सुरुवात केली. नळ सापडल्याचं सांगितलं. ते नुसते “बरं झालं” म्हणाले, जणू दुसऱ्या कुणाची वस्तू सापडली होती. मग ती म्हणाली, “भाऊ, आणखी एक सांगायचंय. कुलथेसाहेबांनी मला तेव्हा फोन केला होता. मी त्यांना…”

“म्हाईत हाय,” विठ्ठलभाऊ म्हणाले.

तिने वर पाहिलं.

“सायबांनी फोन मोठ्या आवाजात लावला व्हता. मी तितंच हुबा व्हतो, टेबलाम्होरं.” त्यांनी कप खाली ठेवला. “तुमी खोटं कुटं बोललात? मार्चात सांगितलं व्हतं, ते बी बोललात तुमी. माझा फोन न्हाई लागला, त्याला तुमी काय करनार.”

ते हे समजूत घातल्यासारखं म्हणाले, टोचून नाही. टोचून म्हणाले असते तर तिला सोपं गेलं असतं. फोन लागला होता, मी उचलला नव्हता, हे तिच्या ओठापर्यंत आलं. आतून भांड्याचा आवाज आला. तिने चहाचा कप उचलला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हॉटेलवर गेली आणि नवीन मॅनेजरसमोर उभी राहून म्हणाली की विठ्ठल ओव्हाळ माझ्या सांगण्यावरून येत होते, थांबा असं मी त्यांना कधी कळवलंच नव्हतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. झालं ते वाईट झालं म्हणाला, पण ही जुनी गोष्ट, आता सुरक्षेचं काम दुसऱ्या एजन्सीकडे आहे. पहिल्या एजन्सीचं ऑफिस शोधत ती पार तळेगावला गेली. तिथे मोबाइलचं दुकान लागलेलं होतं. जे बोलणं तिने जूनमध्ये एका वाक्यात करून टाकलं होतं, ते परत घ्यायला आता कुणी माणूसच शिल्लक नव्हता.

मग तिने विठ्ठलभाऊंना आपल्या शेडवर कामाला बोलावलं. शकुबाईंचा विरोध होता. कुणाकडंबी जा, तितं नगं, असं त्या म्हणाल्या होत्या, हे विठ्ठलभाऊंनी स्वतःच नंतर हसत सांगितलं. पण कापणी संपली होती आणि दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं. लोकल पुन्हा सर्वांसाठी सुरू झाल्यावर ते मळवलीहून कान्ह्याला येऊ लागले. कुंड्या भरायच्या, पानं पुसायची, टेम्पोत चढवायच्या. हाताला जोर कमी होता, पण काम नेटकं. शेडवरच्या बायका त्यांना आबा म्हणू लागल्या.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी, घरी निघताना ते सुमय्यापाशी आले आणि आपली कापडी पिशवी उघडून तिच्यासमोर धरली. आत डबा, टॉवेल, पाण्याची बाटली. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, “भाऊ, हे काय करताय? असं नाही करायचं.”

“असू द्या ताई. दोगांच्या बी डोक्याला बरं.”

दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच केलं. तिने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. इर्शादने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते ऐकून घेत, मान हलवत, आणि संध्याकाळ झाली की पिशवी उघडून उभे राहत. ती जागेवर नसेल तर थांबत, लोकल चुकली तरी. शेवटी तिने बोलणं सोडून दिलं. ती पिशवीत न बघता “बरं भाऊ” म्हणायची आणि ते जायचे.

असं वर्षभर चाललं. त्या हॉटेलचं काम तिला परत मिळालं नव्हतं आणि तिनेही ते मागितलं नव्हतं, पण तळेगावच्या कंपन्यांची ऑफिसं उघडली, पवनेच्या बाजूला नवीन बंगले झाले, आणि शेडमध्ये पुन्हा कुंड्यांची रांग लागली. नवीन आलेल्या एका मुलीला सुमय्या एकदा कामाची माहिती देत होती. स्नेक प्लांटची कुंडी पुढे ओढून ती म्हणाली, याला पाणी अगदी कमी, लोकांना वाटतं कोमेजलं म्हणजे तहान लागली आणि ते आणखी ओततात, मग मूळच कुजतं. बोलता बोलता तिने वर पाहिलं. शेजारच्या रांगेत विठ्ठलभाऊ फडकं हातात धरून उभे होते.

त्यांनी पुढचं पान पुसायला घेतलं. संध्याकाळी पिशवी दाखवून झाल्यावर मात्र रेंगाळले.

“म्हंजी जिन्याकडची मीच मारली व्हय, ताई?”

सुमय्याने हातातली कुंडी खाली ठेवली. मग ती म्हणाली, “चूक माझी होती, भाऊ. मी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं.”

“तुमी तर जगली म्हनला व्हता.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

त्यांनी कुंड्यांच्या रांगेकडे पाहिलं. “खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं,” ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. गाडीची वेळ झाली होती, ते निघाले.

त्यानंतरही ते काही दिवस येत होते. मग एक दिवस आले नाहीत. सुमय्याने फोन केला तर शकुबाईंनी उचलला. गुडघे दुखतात, आता येणं होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी येऊन भेटून जाते, असं सुमय्या म्हणाली. शकुबाई म्हणाल्या, “नगा येऊ, ताई. तुमी आलं की ते हसून बोलत्यात. मागनं मग जेवत न्हाईत.”

ती गेली नाही.

गेल्या वर्षी कामशेतच्या बाजारात ते तिला अचानक भेटले. केस पूर्ण पांढरे झाले होते, पण चालणं ठीक होतं. त्यांनीच आधी हाक मारली आणि टपरीवर चहा पाजला. पैसे तिला देऊ दिले नाहीत. इर्शादची चौकशी केली. नात नर्सिंगला लागली, हे आनंदाने सांगितलं. गावात आता दोन-तीन जण खोल्या भाड्याने देतात, त्यांच्या बागांना ते सकाळी पाणी घालतात, असंही बोलता बोलता म्हणाले. धंदा कसा आहे, असं त्यांनी विचारलं. चांगला आहे, ती म्हणाली. शेड वाढवली, बारा बायका आहेत आता.

एवढ्या वर्षांत तिने मनात कितीदा तरी ते वाक्य जुळवून ठेवलं होतं, की भाऊ, तेव्हा तुमचा फोन लागला होता. तिने कप बाजूला ठेवला. पण त्यांनी चष्मा पुसत विचारलं की यंदा तिच्या सासरच्या शेतात इंद्रायणी भात कसा झाला, आणि ती म्हणाली, बरा झाला.

“आमच्यात बी बरा झाला,” विठ्ठलभाऊ म्हणाले. मग ते उठले, येतो म्हणाले, आणि बाजाराच्या गर्दीतून स्टेशनकडे चालू लागले.